तुझ्या उंचीचा ओटा

उमरखेड
१२ जानेवारी २०२५

रौशन,

जय भीम आणि सलाम, दोन्ही घे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पोस्टातला माणूस पाकीट हातात घेऊन म्हणाला, "बाई, आता पत्र कोन लिवते?" मी म्हटलं, "जिची मैत्रीण फोनवर रुसली हाये, ते लिवते." तो हसला आणि तिकीट त्यानेच चिकटवून दिलं.

आधी भांडून घेते. मी बहिणीच्या ऑपरेशनला बाभुळगावला गेले आणि परत आले तर तुझ्या दाराला कुलूप. समोरच्या लालीबाईने सांगितलं, फिरोज गाडी घेऊन आला आणि आईला हैदराबादला घेऊन गेला. शाळेत एका बाकावर बसलो, एका गल्लीत नांदलो, आणि जाताना मला सांगावंसं वाटलं नाही तुला? आठवडाभर मी इतकी चिडले होते की अंबाडीची भाजीसुद्धा केली नाही, कारण ती तुला आवडते.

मग राग उतरला. रस्त्याला लागायचं तर तुला माझ्या घरावरून जावं लागतं, आणि माझ्या घराला शकीलभाईंच्या गॅरेजचं शटर आहे. ते वारल्यापासून तू त्या शटरकडे बघत नाहीस, हे मला माहीत आहे. इद्दतीच्या दिवसांत, तू घराबाहेर पडत नव्हतीस म्हणून, मी रोज तुझ्याजवळ येऊन बसायची, तेव्हाही तू एकदाच म्हणाली होतीस, "कौसल्या, ते शटर उघडं ठेवत नको जाऊ." मी बंदच ठेवलं.

आता इथली तुझी भाची आरजू, फिरोजच्या बायकोशी फोनवर बोलून, मला सांगते की तू तिकडे जेवत नाहीस. अर्धी पोळी कुस्करतेस आणि उठतेस. म्हणे घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं. हे ऐकून मी घरात नुसती फेऱ्या मारत होते.

तर ऐक. मी त्या गॅरेजचं स्वयंपाकघर करते आहे. खानावळीचं. हो, तीच आपली खानावळ. आमच्या धर्मपालांनी एसटीत नोकरीला असतानाच, रिटायर झाल्यावर जीप घ्यायची म्हणून, गॅरेज बांधलं. जीप काही आली नाही, तुझा शकील मात्र पान्यांची पेटी घेऊन आला आणि तिथेच राहिला. ज्याची गाडी खोललेली असायची तो बिचारा दिवसभर उपाशी बसायचा. मग तू तुझ्या घरून सालन आणायचीस, मी भाकरी. ड्रायव्हर लोक बोटं चाटायचे आणि आपण दोघी म्हणायचो, एक दिवस इथे खानावळ टाकू. त्यावर शकीलभाई काय म्हणायचे ते आठवतं? "पहिले मले मरू द्या, मंग गॅरेज तुमचंच हाये." तू त्यांना ओल्या फडक्याने मारायचीस. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

संघदीप पुण्याहून म्हणतो, आई, मोबाईलच्या दुकानाला भाड्याने दे. मुलगा आहे, चांगलंच सांगतो. पण सकाळी उठल्यावर शटरच्या फटीतून ऑइलचा वास येतो आणि क्षणभर वाटतं, शकीलभाई कामाला लागले. तिथे दुसऱ्याचं दुकान मला सोसायचं नाही.

तुला नको असेल तर 'नको' एवढंच कळव. मी हात लावणार नाही.

तुझी,
कौसल्या


उमरखेड
२ फेब्रुवारी २०२५

रौशन,

तुझं 'नको' आलं नाही. 'हो' पण आलं नाही, पण शाळेतही तू कधी हात वर करून उत्तर दिलं नाहीस. मी काम सुरू केलं.

शकीलभाईंचे पाने, जॅक, हातोड्या सगळं मी रॉकेलने पुसलं, वरून तेलाचा हात फिरवला आणि माझ्या खोलीतल्या ट्रंकेत ठेवलं. भंगारवाला दोनदा चकरा मारून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी असं काही बोलले की आता तो आपल्या गल्लीतून भोंगासुद्धा वाजवत नाही.

मोठा प्रश्न होता तो खड्ड्याचा. गाडीखाली उतरून काम करायला शकीलभाईंनी खोदून घेतलेला. स्वयंपाकघरात खड्डा कसा चालेल? मिस्त्री धावजी म्हणाला, "बाई, मुरूम टाकून बुजून टाकू, चार टोपल्याचं काम." चार टोपल्यांचं काम त्याच्यासाठी. मी काठावर उभी राहून आत बघत होते. तुझ्या नवऱ्याचं अर्धं आयुष्य त्या खड्ड्यात गेलं. आपण वरून हाक मारायची आणि खालून उत्तर यायचं.

मी धावजीला म्हटलं, दोन दिवस थांब. मुरूम कुठून आणायचा म्हणून ट्रकवाल्या शंकरसिंगला फोन केला. तुला आठवेल, ज्याच्या गाडीचा गिअरबॉक्स सारखा पडायचा आणि ज्याला तुझ्या हातचा खिचडा लागायचा. तो म्हणाला, आणतो. रविवारी सकाळी बघते तर दारात ट्रक, आणि ट्रकमधून शंकरसिंगबरोबर आणखी पाच-सहा जण उतरले. कोणी पुसदचा, कोणी महागावचा. सगळी शकीलभाईंची जुनी गिऱ्हाईकं.

मी म्हटलं, "एवढे कायले आले? धावजीची माणसं हायेत ना टाकायले."

शंकरसिंगने डोक्यावरचा गमछा सोडून खांद्यावर घेतला. म्हणाला, "काकू, शकीलभाई गेले तवा मी आदिलाबादच्या पुढं होतो. माल भरेल होता, वापस येता आलं नाई. मले त्यायच्या कबरीत मिट्टी देता आली नाई. हे सारे तसेच हायेत, कोनीच गावात नोयतं. आज देऊ द्या."

रौशन, ते एकेक करून पुढे आले. चपला बाहेर काढल्या. कोणी घमेल्याने टाकला नाही. आधी प्रत्येकाने ओंजळीने मुरूम घेतला आणि खड्ड्यात सोडला. मग घमेली हातात घेतली. मी दाराला धरून उभी होते आणि रडत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. तू इथे असायला हवी होतीस असं वाटलं, आणि नव्हतीस ते बरं झालं असंही वाटलं. तू रागावणार असशील तर माझ्यावर रागाव, त्यांच्यावर नको.

मुरमाचा पैसा शंकरसिंगने घेतला नाही. मी पिठलं-भाकरी केली, सगळे जेवले. पिठल्यात मीठ जास्त झालं होतं, कोणी बोललं नाही. तू असतीस तर बोलली असतीस.

तुझी,
कौसल्या


उमरखेड
२३ फेब्रुवारी २०२५

रौशन,

जुनी फरशी फोडून काढली. इतक्या वर्षांचं ऑइल पिऊन ती आतपर्यंत काळी झाली होती, वरून नवी फरशी बसेचना. आता खालपासून कोबा केला आहे. पश्चिमेच्या भिंतीत खिडकी पाडली. लालीबाईने तिच्याकडची जुनी लोखंडी जाळी आणून दिली, बुद्धविहारातल्या पोरींनी रंग दिला. रंग जरा जास्तच पिवळा झाला आहे, पण पोरींना कोण सांगणार? आरजू रोज संध्याकाळी येऊन पाणी मारते. सगळ्यांनी इतकं केलं की मला माणसांचं तोंड बघितलं तरी भरून येतं. आजकाल मी फार रडकी झाले आहे.

नाही म्हणायला एक नमुना भेटला. बँकेत आहे म्हणे. डबा सुरू होणार का विचारायला आला. भाव विचारला, भाज्या विचारल्या, मग हळूच म्हणाला, "पन स्वयंपाक करनार कोन?" मी म्हटलं, "मी." तो म्हणाला, "आडनाव काय तुमचं?" मी त्याला म्हटलं, "भाऊ, भाकरीले आडनाव नसते. तुमाले लागत असन तर तुमी घरीच थापा." तो गेला. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या नर्सेस आल्या आणि काहीही न विचारता एप्रिलपासूनचे डबे सांगून गेल्या.

एक घोटाळा मात्र झाला. ओटा. धावजीने माप चुकवलं आणि ओटा उंच बांधून ठेवला. मला त्यावर भाकरी थापायची म्हणजे पाट घेऊन चढावं लागतं. गल्लीतल्या बाया येऊन बघतात आणि पदर तोंडाला लावतात. धावजी तर आता बाजारात भेटला की दुसरीकडे बघतो. काय करणार, माणूसच आहे, चुकतो.

तुझी तब्येत कशी आहे? आरजू विचारल्याशिवाय सांगत नाही आणि विचारलं की खरं सांगत नाही.

तुझी,
कौसल्या


उमरखेड
८ मार्च २०२५

रौशन,

रमजान मुबारक. आणि तुझ्या भाचीच्या पोटात एक गोष्ट टिकत नाही, त्याबद्दलही मुबारक.

तर आरजूने तुला सांगून टाकलं. आता लपवण्यात अर्थ नाही. धावजी बिचारा चुकला नाही. आपल्याकडे ओटा बांधताना मिस्त्री घरच्या बाईला उभी करतो, कोपर दुमडायला लावतो आणि कोपराखाली खूण करतो. तसं त्याने मला उभं केलं. मी म्हटलं, "माझं माप घेऊ नको, थांब." आणि आरजूला हाक मारली. ती अगदी तुझ्या उंचीची आहे, तुमच्या घरात सगळ्याच ताडमाड. तिला भिंतीशी उभी केली, तिच्या कोपराखाली खूण करायला लावली. धावजी म्हणाला, "बाई, रांधनार तुमी अन् माप हिचं काहून?" मी म्हटलं, "तू बांध." आणि वर तुझ्यापाशी त्याचं नाव खराब केलं. काल त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले, चहा पिऊन आले.

तुझा निरोपही मिळाला. "तिले सांग, ओटा फोडून खाली घे, मी येनार नाई." इतक्या महिन्यांत तुझं पहिलं वाक्य. मी आरजूला तीन वेळा म्हणायला लावलं, तुझ्यासारखं तोंड करून.

ओटा मी फोडणार नाही.

फिरोजचाही फोन आला होता. मी त्याला दोष देत नाही. तो म्हणाला, "मावशी, अम्मीले पत्र नका धाडू. ते वाचते, रडते अन् मंग जेवत नाई." मी म्हटलं, पत्र नव्हतं तेव्हा जेवत होती का? मग म्हणाला, "माझी अम्मी या वयात लोकायच्या भाकरी थापन काय? लोकं मले काय म्हनतीन?" माझ्या अंगणवाडीत नाक गळत यायचा तो पोरगा. पण आईची लाज राखायला बघतो, याचा मला रागापेक्षा आनंदच झाला. तुला त्याने एसीची खोली दिली, दवाखाना केला, त्याची बायको तुझ्या हातात ताट देते. मी त्यांची उपकृत आहे. फक्त जेवण हे असं हातात ताट देऊन होत नसतं.

तुला आठवतं का, धर्मपाल गेले तेव्हाचं? तेरवी वगैरे आम्ही करत नाही. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संघदीप लहान होता, घाबरला होता. तू रोज यायचीस, ताट घेऊन नाही, पीठ घेऊन. माझ्याच चुलीपाशी बसून भाकरी करायचीस आणि मला शिव्या घालायचीस. "उठ, तवा पाह्य, मी काय तुई नोकर हाये?" मी उठायची, कारण भाकरी करपत असायची. तू मुद्दाम करपवायचीस, हे मला फार उशिरा कळलं. असं करता करता मी एक दिवस स्वतःच कालवून खाल्लं.

रौशन, मी आज चालते-बोलते आहे ती तुझ्या त्या शिव्यांमुळे. हे मी तुला कधी बोलले नाही, कारण आपल्यात असं बोलायची रीत नाही. आज लिहिते. हैदराबादला तुझ्यावर सगळे प्रेम करतात, पण तुला शिव्या घालणारं कोणी नाही, आणि तुझ्यासमोर कोणाची भाकरी करपत नाही. मला तुझ्याकडून काम करून घ्यायचं नाही. तू स्टुलावर बसून नुसतं मीठ कमी-जास्त सांग. पण इथे बस.

रोजे जमत नसतील तर धरू नकोस. डॉक्टरांनी काय सांगितलं आहे ते मला माहीत आहे.

तुझी,
कौसल्या


उमरखेड
५ एप्रिल २०२५

रौशन,

अक्षर बघून दचकू नकोस. माझा चष्मा फुटला आहे म्हणून मी सांगते आहे आणि आरजू लिहिते आहे. नवा चष्मा यवतमाळहून यायचा आहे.

ईद कशी झाली? आरजूने मला शीरखुर्मा आणून दिला. तुझ्यासारखा नव्हता, चारोळी नुसती नावाला. मी तिला तसं सांगितलं. हे वाक्यही तिच्याकडूनच लिहून घेते आहे.

शेगड्या बसल्या. पाणी आलं. खानावळ चौदा एप्रिलला उघडायची ठरवली आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला विहारात दुपारचं जेवण असतं, या वर्षी पोरांनी ते मला सांगितलं आहे. पोरं म्हणाली, "काकू, पयलं जेवन तुमच्या नव्या घरातलंच पायजे." मी हो म्हटलं. आता जरा धाकधूक वाटते, पण होईल. लालीबाई आहे, विहारातल्या पोरी आहेत. तू माझी काळजी करू नकोस. मी अगदी ठणठणीत आहे.

एवढंच. तू दोन घास जास्त खा.

तुझी,
कौसल्या

ता. क. फुफी, हे मी माझ्या मनाने लिहिते, मावशीला वाचून दाखवणार नाही. चष्मा धड आहे, नाकावरच आहे. मावशी मंगळवारी ओट्याजवळच्या पाटावरून घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. मी म्हटलं, धावजीकाकांना बोलावू, ओटा खाली घेऊ. तर म्हणतात, "हात मोडला तं मोडला, ओट्याले हात लावशीन तं पाहजो." विहाराचं जेवण रद्द करा म्हटलं तरी ऐकत नाहीत. डाव्या हाताने पीठ मळून बघतात आणि मग एकट्याच बसून राहतात. मला काही सुचत नाही. — आरजू


उमरखेड
११ एप्रिल २०२५

चिरंजीव फिरोज,

तुझ्या कौसल्यामावशीचा आशीर्वाद. हे पत्रही आरजू लिहिते आहे. आता मी ते प्रत्येक ओळीला वाचून घेते, कारण हिच्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. तुला फोनवर सगळं सांगता आलं असतं. पण काल तू फोन केलास तेव्हा तुझी आई इथे माझ्या शेजारीच उभी होती आणि तिच्यासमोर मला हे बोलता येणार नव्हतं.

आधी तुझे आभार. मला आरजूकडून कळलं की तुझ्या मनात नव्हतं. तरी तू रजा काढलीस, स्वतः तिला नांदेडपर्यंत आणून उमरखेडच्या गाडीत बसवलंस, कंडक्टरला तुझा नंबर दिलास. बाळा, मनाविरुद्ध इतकं नीट करणं सगळ्यांना जमत नाही. फोनवर तू मला जे बोललास ते तुझ्या जागी बरोबर होतं. मी मनात काही ठेवलेलं नाही.

स्टँडवर मी आणि आरजू गेलो होतो. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने माझ्या हाताचं प्लास्टर बघितलं आणि तिथेच सुरू झाली. "अक्कल हाये का तुले? पाटावर चढाचं वय हाये का तुयं?" ऑटोवाल्यानेही ऐकलं, चहावाल्यानेही ऐकलं. मी मान खाली घालून ऐकत होते, आणि तुला खोटं वाटेल, मला इतकं हलकं वाटत होतं की हाताचं दुखणंसुद्धा विसरले.

मला भीती होती ती घराची. मी ऑटोवाल्याला म्हटलं, मागच्या गल्लीने घे. तर तीच म्हणाली, "काहून? पुढून घे." शटर उघडं होतं. ती दारात थांबली. बराच वेळ थांबली. आत यायच्या आधी चपला काढल्या, जिथे खड्डा होता तिथे जाऊन उभी राहिली आणि डोक्यावर पदर घेऊन तुझ्या अब्बांसाठी फातेहा पढली. आम्ही दोघी बाहेरच थांबलो. मग तिने मला आत बोलावलं आणि विचारलं, "शंकरसिंग कुठं उभा होता?" मी जागा दाखवली. बाकीचे कुठे होते तेही दाखवलं. तिने मान हलवली, डोळे पुसले आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "हा पिवळा रंग कोनं देल्ला?"

विहाराचं जेवण मी रद्द केलं नव्हतं, आता करायचं कारणच नाही. ती म्हणते, सोमवारी ती उभी राहणार आणि मी बसून कांदे निवडायचे. तू काळजी करू नकोस, जड पातेली उचलायला विहारातली पोरं आहेत. तू रविवारी येऊ शकलास तर ये, बायकोला घेऊन ये. नाही जमलं तरी मी समजून घेईन. ती इथे किती दिवस राहील ते मी विचारलेलं नाही. तिला विचारूही नकोस. हैदराबादची तिची खोली आहे तशी राहू दे. दोन्ही घरं तिचीच आहेत, केव्हा कुठे राहायचं ते तिचं ती ठरवेल.

आता खरं सांगायचं ते सांगते, ज्यासाठी हे पत्र लिहिलं. काल रात्री तिने ज्वारीच्या भाकरी केल्या. मी डाव्या हाताने अंबाडी निवडून दिली, ती तिने फोडणीला टाकली. एक भाकरी करपली. मुद्दाम करपवली की बोलता बोलता राहिली, ते मी विचारलं नाही. तिघीजणी खाली बसून जेवलो. पहिली भाकरी तिने कुस्करत कुस्करत खाल्ली. मी तिच्याकडे बघत नव्हते, मुद्दाम आरजूशी नर्सेसच्या डब्यांचं बोलत होते. मग टोपल्याचा आवाज आला. फिरोज, तुझ्या आईने हात लांब करून स्वतःच दुसरी भाकरी घेतली, वर भाजी वाढून घेतली आणि मला म्हणाली, "इकडं काय पाहून राह्यली? जेव ना."

तुझी,
कौसल्यामावशी